२९ डिसेंबर ते १ फेब्रुवारी: रायबरेली खटल्याचा अभ्यास

२९ डिसेंबर १९७०. नवी दिल्लीत पत्रकार परिषद चालू होती. लोकसभा बरखास्त होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. तुम्ही रायबरेली सोडून गुडगावातून उभ्या राहणार, असे विरोधी पक्षांचे नेते म्हणत आहेत, ते खरे का, असे एका पत्रकाराने पंतप्रधान इंदिरा गांधी यांना विचारले. नाही, मी मतदारसंघ बदलत नाही, एवढेच त्या म्हणाल्या. प्रश्नही साधा होता आणि उत्तरही. पुढे साडेचार वर्षांनी एका पंतप्रधानांची निवडणूक उच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा या उत्तराचा त्यात मोठा वाटा होता.

राष्ट्राच्या नेत्याला कायदा इतरांसारखाच लागू व्हावा का, असे कुणालाही विचारा, उत्तर ‘हो’ असेच येईल. अडचण त्या ‘हो’नंतर सुरू होते. म्हणून हा प्रश्न तत्त्वाच्या पातळीवर सोडून न देता मी एकच खटला शेवटपर्यंत तपासायचे ठरवले. इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण हे नाव सगळ्यांना माहीत असते. अलाहाबादचा निकाल आला आणि आणीबाणी लागली, एवढेही आठवत असते. पण खटल्याचा सर्वांत बोलका भाग आणीबाणी लागल्यानंतर घडला, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

तक्रार काय होती

मार्च १९७१च्या निवडणुकीत रायबरेलीत इंदिरा गांधींना १,८३,३०९ मते मिळाली, तर संयुक्त समाजवादी पक्षाच्या राजनारायण यांना ७१,४९९. फरक १,११,८१० मतांचा. २४ एप्रिलला राजनारायण यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. त्यांचे वकील होते शांती भूषण.

आरोपांची यादी लांबलचक होती. मतदारांना घोंगड्या, धोतरे आणि दारू वाटली, मतदारांची ने-आण केली, गाय-वासरू हे धार्मिक चिन्ह वापरले, ३५,००० रुपयांची खर्चमर्यादा ओलांडली, हवाई दलाची विमाने वापरली. हे सगळे आरोप न्यायालयात टिकले नाहीत. टिकले ते दोन, आणि दोन्ही लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १२३(७) खालचे. उमेदवाराने आपल्या निवडणुकीसाठी राजपत्रित अधिकारी किंवा ठरावीक वर्गांतल्या इतर सरकारी नोकरांची मदत घेतली, तर या कलमानुसार तो ‘भ्रष्ट आचार’ ठरतो.

पहिला आरोप यशपाल कपूर यांच्याबद्दल होता. पंतप्रधान सचिवालयात ते विशेष कार्य अधिकारी होते. १३ जानेवारी १९७१ला त्यांनी राजीनामा दिला. तो १४ जानेवारीपासून स्वीकारल्याची अधिसूचना निघाली २५ जानेवारीला. या दरम्यान त्यांनी रायबरेलीत प्रचाराची भाषणे केली होती. राजीनामा आपण तोंडी स्वीकारला होता, अशी साक्ष पंतप्रधानांचे सचिव पी. एन. हक्सर यांनी दिली. तोंडी स्वीकाराने सरकारी नोकरी संपत नाही, असे म्हणून न्यायालयाने ती मानली नाही. दुसरा आरोप १ आणि २५ फेब्रुवारीच्या सभांचा. या सभांसाठी जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे अभियंते यांनी व्यासपीठे उभारून दिली होती, ध्वनिक्षेपकांसाठी विजेची सोय केली होती.

आता २९ डिसेंबरच्या त्या उत्तराकडे येऊ. उमेदवार कधीपासून ‘उमेदवार’ ठरतो, हा खटल्यातला कळीचा मुद्दा होता. मी १ फेब्रुवारीला अर्ज भरला, तेव्हाच उमेदवार झाले, असे इंदिरा गांधींचे म्हणणे होते. पण निवडणूक समोर दिसत असताना जो स्वतःला भावी उमेदवार म्हणून पुढे आणतो तो त्या क्षणापासून उमेदवार, असे त्या वेळच्या कायद्याच्या कलम ७९(ब)मध्ये होते. ‘मी मतदारसंघ बदलत नाही’ याचा अर्थ ‘मी रायबरेलीतून उभी आहे’ असाच होतो, असे न्यायालयाने ठरवले. एकदा २९ डिसेंबर ही तारीख पक्की झाली, की जानेवारीतले यशपाल कपूर आपोआप कायद्याच्या कचाट्यात येतात. उमेदवारी १ फेब्रुवारीपासून धरली, तर ते सुटतात. या दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

पंतप्रधान साक्षीला

अशी याचिका सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. इथे चार वर्षे लागली. न्यायमूर्ती बदलले, आणि मधला बराच काळ एकाच वादात गेला. पंतप्रधानांच्या सुरक्षेच्या गोपनीय सूचनांचे ‘ब्लू बुक’ न्यायालयापुढे आणायचे की नाही, हा तो वाद. उत्तर प्रदेश सरकारने ते आणायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कागद आधी न्यायमूर्तींनी स्वतः पाहावेत आणि मग ठरवावे, असे तिथे जानेवारी १९७५मध्ये ठरले. याच निकालात न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी लिहिले की, सरकारी पदावरच्या माणसांनी जाहीर पदाच्या नात्याने केलेली प्रत्येक कृती जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. माहितीच्या अधिकाराच्या चर्चेत आजही या ओळीचा दाखला दिला जातो. एका उमेदवाराच्या व्यासपीठाचा खर्च कुणी केला, या प्रश्नातून ती आली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१८ मार्च १९७५ला इंदिरा गांधी साक्षीसाठी अलाहाबादला आल्या. न्यायालयात फक्त न्यायमूर्ती आल्यावर उठायचे, साक्षीदारासाठी नाही, असे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी आधीच स्पष्ट केले होते. साक्षीदारासाठी एक खुर्ची ठेवली होती. उलटतपासणी दुसऱ्या दिवशीही चालली. पदावरचा पंतप्रधान प्रतिपक्षाच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरे देतो आहे, असे दृश्य या देशाने त्याआधी पाहिले नव्हते. हे सगळे तिथे शांतपणे, कुणाचा उपमर्द न होता पार पडले. समान वागणूक म्हणजे कुणाला खाली खेचणे नव्हे, हे त्या दोन दिवसांत दिसते.

१२ जूनला निकाल लागला. २५८ पानांच्या निकालात निवडणूक रद्द झाली, सहा वर्षांची अपात्रता लागली आणि आदेशाला २० दिवसांची स्थगिती मिळाली.

शिक्षा जास्त होती का

या निकालावरचा जुना आक्षेप असा, की एवढ्याशा चुकीसाठी पंतप्रधानांना घालवणे म्हणजे वाहतुकीचा नियम मोडला म्हणून सरकार पाडण्यासारखे आहे. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. एक लाखाहून जास्त मताधिक्य व्यासपीठाच्या लाकडी फळ्यांमुळे मिळाले, असे कुणीच म्हणणार नाही. शिवाय व्यासपीठाच्या बाबतीत पंतप्रधान खरोखरच इतर उमेदवारांपेक्षा वेगळे असतात. त्यांच्या जिवाला धोका असतो, आणि तो धोका पोलिसांनाच सांभाळावा लागतो. १९ नोव्हेंबर १९६९च्या सूचनेनुसार निवडणूक सभांची व्यासपीठे राज्य सरकारने उभारायची होती. पक्षाने खर्चाच्या २५ टक्के किंवा २,५०० रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती भरायची होती. म्हणजे अधिकाऱ्यांनी जे केले ते लेखी सूचनेनुसारच केले.

तरीही सिन्हा यांचे चुकले, असे मला वाटत नाही. विजयी उमेदवाराने भ्रष्ट आचार केला असेल, तर निकालावर त्याचा परिणाम झाला हे वेगळे दाखवायची गरज कलम १००मध्ये नाही. एखाद्या साध्या आमदाराने तहसीलदाराला हाताशी धरले असते, तर त्यालाही हाच नियम लागला असता, आणि त्याच्या बाजूने कुणी वाहतुकीच्या नियमाची उपमा दिली नसती. पंतप्रधानांना व्यासपीठाबाबत सवलत हवी होती, तर संसदेत त्यांचेच बहुमत होते. पदाच्या गरजेपोटी सवलत द्यायची, तर ती उघडपणे आणि निवडणुकीच्या आधी कायद्यात लिहिता आली असती. त्याऐवजी ती गोपनीय पुस्तिकेतल्या प्रशासकीय सूचनेत राहिली. अशी सूचना कायद्याच्या वर कशी जाईल?

सर्वोच्च न्यायालयाची सुट्टी

इंदिरा गांधींचे अपील सुट्टीच्या काळात काम पाहणारे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यापुढे आले. पंतप्रधानांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते. २४ जूनला सशर्त स्थगिती मिळाली: पंतप्रधानपदी राहता येईल, संसदेत बोलता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही आणि वेतन घेता येणार नाही. अपील करणाऱ्या इतर खासदारांनाही साधारण अशाच अटी घातल्या जात, म्हणजे इथेही मोजमाप तेच होते. कायदा कठोर असला तरी न्यायालयात तो कायदाच राहतो, मात्र जाग्या आणि चपळ कायदेमंडळाने त्याची दखल घ्यायला हवी, अशा आशयाचे एक वाक्य या आदेशात आहे. कृष्ण अय्यर यांनी ते कोणत्या मनाने लिहिले हे मी सांगू शकत नाही. सरकारने मात्र ते शब्दशः घेतले.

२५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली. याचिकाकर्ते राजनारायण तुरुंगात गेले. पालखीवालांनी वकीलपत्र परत केले.

पाच दिवसांचा ऑगस्ट

सर्वोच्च न्यायालयात अपिलाची तारीख होती ११ ऑगस्ट १९७५, सोमवार. त्याआधीचा आठवडा दिवसागणिक पाहावा लागतो.

६ ऑगस्टला निवडणूक कायदे दुरुस्ती अधिनियम लागू झाला. उमेदवाराची व्याख्या बदलली: जो रीतसर नामनिर्देशित झाला तोच उमेदवार. २९ डिसेंबर गेला, १ फेब्रुवारी आला. सरकारी नोकराच्या राजीनाम्याची जी तारीख राजपत्रात छापली असेल, तीच निर्णायक पुरावा मानायची. यशपाल कपूर यांची १४ जानेवारी पक्की झाली. अधिकाऱ्याने कर्तव्याचा भाग म्हणून किंवा कर्तव्य समजून उमेदवारासाठी व्यवस्था केली, तर ती मदत धरायची नाही. व्यासपीठ आणि वीज सुटली. पक्षाला मिळालेले चिन्ह धार्मिक चिन्ह मानायचे नाही. गाय-वासरू सुटले, आणि तो आरोप तर आधीच फेटाळला गेला होता. अपात्रता आपोआप लागणार नाही. निवडणूक आयोगाच्या मतानुसार राष्ट्रपती ठरवतील. आणि हे बदल पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासूनचे, प्रलंबित अपिलांनाही लागू. अलाहाबादच्या निकालपत्रातला प्रत्येक मुद्दा समोर ठेवून कायदा शिवला गेला होता. शिंप्याने अंगाचे माप घेऊन शिवावा तसा.

७ ऑगस्टला ३९वी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडून मंजूर झाली, ८ला राज्यसभेत. ९ तारखेला राज्यांच्या विधानसभांनी संमती दिली. १०ला, रविवारी, राष्ट्रपतींची सही झाली. या दुरुस्तीने घटनेत आलेल्या कलम ३२९-अ मधील उपकलम ४ असे म्हणत होते: जुना निवडणूक कायदा पंतप्रधानांच्या या निवडणुकीला कधी लागूच नव्हता असे समजावे, न्यायालयाचा निकाल मुळापासून निष्फळ समजावा आणि निवडणूक वैध समजावी. उपकलम ५ नुसार सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकालही याच धर्तीवर द्यायचा होता.

याच दिवसांत राज्यसभेने आणखी एक घटनादुरुस्ती विधेयक मंजूर केले. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि राज्यपाल यांच्यावर पदावर येण्यापूर्वीच्या किंवा पदावर असतानाच्या कोणत्याही कृत्यासाठी कधीही फौजदारी कारवाई करता येणार नाही, असे ते विधेयक होते. आयुष्यभरासाठी. मूळ घटनेच्या कलम ३६१ मध्ये हे संरक्षण फक्त राष्ट्रपती आणि राज्यपालांना, तेही कार्यकाळापुरतेच आहे. पंतप्रधानांना काहीच नाही. विधेयक लोकसभेत आलेच नाही आणि तसेच विरून गेले. कायदामंत्री होते एच. आर. गोखले, एकेकाळचे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. कायदा उत्तम जाणणाऱ्या माणसाच्या खात्याने हे विधेयक आणले, याचे मला आजही दुःख होते.

७ नोव्हेंबर

घटनापीठावर सरन्यायाधीश ए. एन. राय, एच. आर. खन्ना, के. के. मॅथ्यू, एम. एच. बेग आणि पुण्यात जन्मलेले वाय. व्ही. चंद्रचूड होते. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, असा सात विरुद्ध सहा असा निर्णय झाला होता. या पाच जणांपैकी खन्ना तेवढे त्या सातांत होते. बाकी चौघांनी मूलभूत चौकटीची कल्पना नाकारली होती. देशात आणीबाणी, वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप, अपिलातले प्रतिवादी राजनारायण तुरुंगात. याच पीठाने उपकलम ४ रद्द केले.

कारणे प्रत्येकाची वेगळी आहेत, आणि ती वाचण्यासारखी आहेत. राय म्हणतात, निवडणूक वैध ठरवताना कोणता कायदा लावला? जुना लागूच नव्हता म्हणता, नवा कोणताच लावलेला नाही. मग वैधता आली कुठून? खन्ना यांच्यासाठी लोकशाही हा चौकटीचा भाग आहे, आणि वाद सोडवण्याची सोय काढून घेतली की मुक्त निवडणूक उरत नाही. मॅथ्यू म्हणतात, दोन पक्षांतला वाद पुरावे पाहून सोडवणे हे न्यायदान आहे. पुरावे न पाहता निकाल लावणे ही मनमानी सत्ता झाली, कायदा नव्हे. चंद्रचूड थेट समानतेवर येतात. पंतप्रधानपदाचे महत्त्व मोठे आहे, पण निवडणुकीला उभे राहताना पंतप्रधान हे इतरांसारखेच उमेदवार असतात, आणि केवळ त्यांना सर्व कायद्यांतून मोकळे करणे म्हणजे समानतेचा सरळ नकार. न्यायमूर्ती बेग यांनी उपकलमाचा अर्थच वेगळा लावला आणि मूळ वादाचे मुद्दे तपासून निकाल दिला.

आणि तरीही इंदिरा गांधी जिंकल्या. ६ ऑगस्टचा साधा कायदा न्यायालयाने वैध ठरवला. पूर्वलक्षी कायदा करण्याचा संसदेला अधिकार आहे. तो सगळ्याच उमेदवारांना लागू होता. शिवाय मूलभूत चौकटीची कसोटी घटनादुरुस्तीला लावायची, साध्या कायद्याला नाही, असेही पीठातल्या बहुतेकांचे मत पडले. नवी व्याख्या लावल्यावर दोन्ही आरोप कोसळले. अपील मंजूर झाले.

मला या खटल्याविषयी जे म्हणायचे आहे, ते नेमके इथे आहे. उपकलम ४ मध्ये नेत्याचे नाव जवळजवळ कपाळावर लिहिलेले होते, म्हणून ते पकडले गेले. ६ ऑगस्टच्या कायद्यावर नाव नव्हते. ‘कोणताही उमेदवार’, ‘कोणताही अधिकारी’ असे शब्द होते. अक्षरशः सगळ्यांना समान. पण देशात ज्याला हरल्यावर कायदाच बदलून घेता येतो, असा पक्षकार एकच होता. सामान्य माणसापाशी अपील असते. नेत्यापाशी अपील असते आणि शिवाय संसद असते. त्यामुळे साक्षीला बोलावले का, शिक्षा झाली का, एवढ्यावर समानता मोजून भागत नाही. ज्या वादात मी स्वतः पक्षकार आहे, त्या वादाचे नियम वाद चालू असताना मला बदलता येऊ नयेत, ही अट नसेल तर बाकीची सगळी समानता शेवटच्या आठवड्यात निसटते. नव्या व्याख्या चांगल्या असतील तर त्या पुढच्या निवडणुकीपासून लावाव्यात. त्यांना मागच्या तारखेपासून लागू करण्याचे सार्वजनिक हिताचे कोणतेही कारण मला या सगळ्या कागदपत्रांत सापडलेले नाही. चालू खटल्यातल्या पक्षकाराला वाचवणारा पूर्वलक्षी बदल सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा अडवायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे. उपकलम ४ पाडण्याचे धैर्य दाखवणाऱ्यांकडून ही अपेक्षा जास्त नव्हती.

त्यानंतर

मार्च १९७७मध्ये रायबरेलीत राजनारायण यांनी इंदिरा गांधींना ५५,२०२ मतांनी हरवले. मतपेटीने जे केले ते न्यायालयाचे काम होते असे नाही, आणि न्यायालयाने जे करायला हवे होते ते मतपेटीने केले असेही मी म्हणणार नाही. हे दोन वेगळे हिशोब आहेत.

३ ऑक्टोबर १९७७ला जनता सरकारने इंदिरा गांधींना अटक केली. दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिले, कारण कोठडीत ठेवण्यासारखा आधार समोर नव्हता. रायबरेलीच्या निकालावर समाधान मानणाऱ्याने या सुटकेवरही तितकेच समाधान मानले पाहिजे. माजी पंतप्रधानांना जास्त कडक नियम लावायचा नव्हता, आणि तो लावला गेला नाही.

४४व्या घटनादुरुस्तीने कलम ३२९-अ काढून टाकले. घटनेत आता त्याची फक्त रिकामी जागा दिसते. ६ ऑगस्टच्या कायद्याचे तसे झाले नाही. उमेदवार म्हणजे रीतसर नामनिर्देशित झालेली व्यक्ती, ही व्याख्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आजही आहे. कलम १२३(७)चे ते परंतुकही आहे: अधिकाऱ्याने कर्तव्य म्हणून, किंवा कर्तव्य समजून, उमेदवाराच्या पदामुळे वा इतर कोणत्याही कारणाने केलेली व्यवस्था ही मदत मानायची नाही. आज एखाद्या पंतप्रधानांविरुद्ध किंवा मुख्यमंत्र्यांविरुद्ध राजनारायण यांचीच याचिका, तेच पुरावे घेऊन दाखल केली, तर ती पहिल्या सुनावणीपलीकडे जाईल की नाही, याची मला शंका आहे.